दंड भरावा की हरकत घ्यावी?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात आपल्या एका कुटुंबाच्या ग्रुपवर प्रश्न आला होता. "कॅमेऱ्यानं वेगाचा दंड लावला आहे. साधकानं तो निमूट भरावा, की त्यावर भांडावं? भांडणं हे अहंकाराचं लक्षण नाही का?" त्यावर बरीच उत्तरं आली. कुणी लिहिलं, भरून मोकळं व्हा. कुणी लिहिलं, ओळखीचा माणूस आहे, करून देतो. कुणी नुसतेच हात जोडले. हा प्रश्न आमच्याही घरात एकदा नाही, दोनदा आला होता. पहिल्या वेळी आम्ही बरोबर वागलो आणि दुसऱ्या वेळी घसरता घसरता राहिलो. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

आम्ही निपाणीचे. घरात आई, आम्ही दोघं, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलं. गाडी एकच, केए-२३ पासिंगची, आणि ती आईच्या नावावर. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही. पण गाडी त्यांच्या नावावर म्हणून मोबाईल नंबरही त्यांचाच, आणि चलान आलं ते त्यांच्याच फोनवर. अतिवेगानं वाहन चालवल्याबद्दल! सगळं घर हसलं. आई मात्र हसल्या नाहीत. "माझ्या नावावर काय लागलंय ते आधी वाचून दाखवा," म्हणाल्या.

आता पहिली गोष्ट अशी की, असा मेसेज आला की घाबरून लगेच पैसे भरू नयेत. हल्ली खोट्या चलानांचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यात एपीके फाईल असते, ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. सरकारच्या परिवहन पोर्टलवर आपणहून जाऊन गाडीचा नंबर टाकावा, चलान खरं असेल तर तिथं दिसतं. आम्ही तसंच केलं. चलान खरं होतं, पण फोटोतली गाडी आमची नव्हती. आमची पांढरी, ती राखाडी. नंबरातला शेवटचा आकडा आमचा आठ, तिचा तीन. तीनाचा आठ वाचला गेला होता, एवढंच. आणि त्या दिवशी तर आमची गाडी दारातून हललीच नव्हती, कारण घरी सत्यनारायण होता.

धाकटा म्हणाला, "द्या की भरून. हजार रुपयांसाठी कोण बेळगावच्या चकरा मारणार?" खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच होतं. वर आम्ही त्याला अध्यात्माचा मुलामाही दिला. म्हटलं, पैशाचा मोह सोडावा, प्रारब्धात असेल ते द्यावं, मन शांत राहतं.

आई म्हणाल्या, "पैसे जाऊ देत. पण जे केलं नाही ते केलं म्हणून कबूल करायचं नाही. तो खोटेपणाच झाला. आणि ज्यानं केलं त्याचं काय? त्याला तर कळणारच नाही."

आम्ही गप्प झालो. दंड भरणं म्हणजे नुसते पैसे देणं नव्हे, ती कबुली आहे. खोटा आरोप आळसानं कबूल करायचा आणि त्याला वैराग्य म्हणायचं, ही मनाची चलाखी झाली. शिवाय आमच्याकडे निदान पोर्टल उघडायला फोन होता, फोटो होते, दोन दिवस रजा टाकायची सोय होती. हेच चलान एखाद्या दुधाच्या टेम्पोवाल्याला आलं असतं तर? त्याची दोन दिवसांची मजुरी गेली असती. ज्याला हरकत घेता येते त्यानं घेतली नाही, तर चूक कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि उद्या तीच चूक ज्याला काहीच करता येत नाही त्याच्या डोक्यावर पडते.

मग आम्ही रीतसर हरकत घेतली. आरसीची प्रत जोडली, गाडीचे चारी बाजूंचे फोटो जोडले. सत्यनारायणाचा ग्रुपवर टाकलेला फोटो उपयोगी पडला, कारण त्यात केळीच्या खांबामागे आमची पांढरी गाडी दिसत होती. संबंधित कार्यालयात दोनदा जावं लागलं. निपाणी ते बेळगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दीडशे. सात आठवड्यांनी चलान रद्द झालं. धाकट्यानं हिशेब मांडला, हजार वाचवायला बाराशे घालवले. आई म्हणाल्या, "हजार वाचवायला गेलाच नव्हता तुम्ही."

इथवर गोष्ट सोपी आहे. खरी परीक्षा पुढं झाली.

चार महिन्यांनी आईंच्या फोनवर पुन्हा चलान आलं. या वेळी फोटोतली गाडी पांढरी, आकडा स्वच्छ आठ. वार गुरुवार, वेळ संध्याकाळी सहा चाळीस. फलक ८० चा आणि वेग १०४. आम्हाला आठवलं. बेळगावच्या सत्संगाला निघायला उशीर झाला होता. गाडी धाकटा चालवत होता, आई त्याच्या शेजारी डोळे मिटून जप करत बसल्या होत्या, आणि मागच्या सीटवरून आम्हीच म्हणत होतो, "जरा ओढ की, आरती चुकेल."

पहिलं चलान जिंकल्यामुळं आमच्या अंगात वारं शिरलं होतं. हरकत कशी घ्यायची हे आता माहीत होतं. एका संध्याकाळी चहा घेता घेता आमच्याकडे चार कारणं तयार झाली. ती चारही इथं लिहितो, कारण ती तुमच्याही घरात तयार होतात.

पहिलं कारण : "मागचं चुकीचं निघालं होतं, म्हणजे यांची यंत्रं अशीच." पण मागची चूक नंबर वाचण्यातली होती. या वेळी नंबर बरोबर होता आणि वेगही आम्हाला आठवत होता. यंत्र एकदा चुकलं म्हणून आपण कायमचे निर्दोष ठरत नाही.

दुसरं कारण सीमाभागातलं. आमचे कोल्हापूरचे पाहुणे नेहमी म्हणतात, तुमच्याकडे एमएच पासिंग बघून धरतात. आणि आपली माणसं कोल्हापूरला गेली की म्हणतात, इथं केए पासिंग बघून धरतात! आमची गाडी केए पासिंगची आणि रस्ता इथलाच, म्हणून ते कारण चालेना. मग आम्ही भाषेवर आलो. नोटीस आम्हाला नीट वाचता येत नव्हती. भाषेचं दुःख आपल्या भागात खरं आहे, ते आम्ही नाकारत नाही. न समजणारा कागद समजावून मागायला काहीच हरकत नाही. पण शेजारच्या कन्नड मास्तरांनी नोटीस पाच मिनिटांत वाचून दाखवली, आणि त्यातलं सगळं खरं होतं. खऱ्या दुःखाची ढाल करून त्यामागं आपली चूक लपवली, तर त्या दुःखाचीच किंमत कमी होते. मग उद्या खरोखर अन्याय झाला तर आपलं कोण ऐकणार?

तिसरं कारण कायद्यातलं. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. कॅमेऱ्यानं दंड लावायचा तर काय काय पाळावं लागतं, ते त्यात आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. पुढं कॅमेरा आहे हे सांगणारा फलक रस्त्यावर हवा. नोटिशीत गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्वच्छ फोटो, यंत्रानं मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हवं. आणि नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवायची. आमची एकोणिसाव्या दिवशी आली होती. धाकटा म्हणाला, "सुटलो!"

चौथं कारण सगळ्यात गोड. "आईंच्या नावावर चलान आहे ना? आई गाडी चालवतच नाहीत. मग लिहूया की, मी वाहन चालवत नव्हते, कोण चालवत होतं ते आठवत नाही." पहिलं अर्धं वाक्य शंभर टक्के खरं होतं.

आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी गाडी जोरात होती का नव्हती?"

कुणी बोललं नाही.

"मी शेजारीच होते. मला आठवतंय. आणि माझ्या सहीनं तुम्ही लिहिणार, की आठवत नाही?"

महाभारतातल्या धर्मराजाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. नरो वा कुंजरो वा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता हे खरंच होतं. शब्द खरा होता, पण ऐकणाऱ्याच्या मनात खोटं उभं राहावं म्हणूनच तो उच्चारला होता. आणि तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. आईंची सही घेऊन आम्ही आमचा रथ खाली टेकवायला निघालो होतो.

हे कारण नुसतं नीतीच्या बाजूनंच लंगडं आहे असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमानं, वाहन कोण चालवत होतं हे विचारल्यावर सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. आणि अशा लहानशा असत्याचा शेवट कुठं होतो याची दोन उदाहरणं जगानं पाहिली आहेत.

ऑस्ट्रेलियात मार्कस आइनफेल्ड नावाचे नामांकित माजी न्यायाधीश होते. मानवी हक्कांसाठी लढणारे म्हणून त्यांचा मोठा मान होता. जानेवारी २००६ मध्ये सिडनीत ५० च्या रस्त्यावर त्यांची गाडी ६० नं जाताना कॅमेऱ्यात आली. दंड किती? ७७ डॉलर. त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं की त्या दिवशी गाडी परदेशातून आलेल्या एका मैत्रिणीला दिली होती. चलान रद्द झालं. मग एका वर्तमानपत्रानं चौकशी केली. ती मैत्रीण २००३ मध्येच वारली होती. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं असं होत गेलं आणि २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. आयुष्यभर ज्यांनी इतरांकडून शपथा घेतल्या, ते ७७ डॉलरसाठी शपथ मोडून तुरुंगात गेले.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं, आणि ते तर घरातलंच. क्रिस ह्यून हे राजकारणी २००३ मध्ये वेगासाठी कॅमेऱ्यात सापडले. त्यांचं लायसन्स जाऊ नये म्हणून गाडी आपण चालवत होतो असं पत्नीनं सांगितलं. नवऱ्यासाठी एवढंसं केलं, असंच तेव्हा वाटलं असणार. पुढं संसार मोडला, गोष्ट बाहेर आली. तोवर ते मंत्री झाले होते, ते पद गेलं, आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. मायेपोटी एकमेकांचं खोटं आपल्या अंगावर घेणं हे आपल्याकडेही घराघरांत चालतं. बाबांच्या नावावर मुलाचं, आईच्या नावावर बाबांचं. ती माया नव्हे. ज्याला सावरायचं त्यालाच आपण खड्ड्याकडे एक पाऊल पुढं नेतो.

मग दंडाकडे पाहायचं कसं? शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. दोघेही ऋषी, बाहुदा नदीकाठी वेगवेगळ्या आश्रमांत राहणारे. एकदा थोरला शंख घरी नसताना लिखितानं त्याच्या आश्रमातली फळं न विचारता खाल्ली. शंख आल्यावर म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडे जा आणि दंड मागून घे. लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजा क्षमा करायला तयार होता, पण लिखितानं दंडच मागितला आणि त्याचे हात तोडले गेले. तो परत आला तेव्हा शंखानं त्याला नदीवर तर्पणाला पाठवलं, आणि तिथं त्याचे हात पुन्हा उगवले. लिखितानं विचारलं, तुमच्या तपाचं एवढं बळ होतं तर आधीच मला शुद्ध का नाही केलंत? शंख म्हणाला, दंड देण्याचा अधिकार माझा नाही, राजाचा आहे.

कथेतला दंड आजच्या मानानं फार कठोर आहे, ते सोडून देऊ. त्यातला भाव घेऊ. थोरल्या भावानं धाकट्याला पाठीशी घातलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. दंड घे म्हणाला, आणि परत आल्यावर जवळ केलं. आपण सद्गुरूंच्या पायाशी बसतो म्हणून रस्त्यावरचा दंड माफ होत नाही. सत्संगाला चाललो होतो म्हणून १०४ चे ८० होत नाहीत. उलट सत्संगाला निघालेला माणूस दुसऱ्याच्या जिवाला धोका करून पोचत असेल, तर तो नेमका कुठं पोचला?

धोका म्हणजे काय तेही नीट समजून घेऊ. ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, १०० च्या वेगात जवळजवळ २८. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतं, म्हणून ८० पेक्षा १०० ला ते दीडपटीहून जास्त होतं. आपल्या भागात ऊस सुरू झाला की अंधारात, मागं लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या महामार्गावर असतात. चपाट्यानं रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसं असतात, पायी निघालेले भाविक असतात. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणं २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातल्या शंभरातल्या ७१ मृत्यूंच्या अपघातांत अतिवेगाची नोंद होती. आमच्या घाईला त्या दिवशी कुणी आडवं आलं नाही ही कृपा. तिचा अर्थ आमचं काही चुकलं नव्हतं असा होत नाही.

आता तिसऱ्या कारणाबद्दल, म्हणजे उशिरा आलेल्या नोटिशीबद्दल. आपल्यातले एक वकील गुरुबंधू म्हणाले, "नियम सरकारलाही बांधतो. उशिरा आलेली नोटीस सगळ्यांनीच सोडून दिली तर तो नियम कागदावरच राहील." त्यांचं म्हणणं चूक नाही. व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावर दंड भरण्याचा आणि हरकत घेऊन खटला लढवण्याचा, असे दोन्ही पर्याय असतात. हरकत घेतली की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. तिथं जाऊन "वेग जास्त होता, पण नोटीस मुदतीत आली नाही, कायद्यानं काय होतं ते ठरवा," असं उघड सांगण्यात पाप नाही. "वेग जास्त होता, पण फलक झाडाआड होता, फोटो पाहा," हेही खरं असेल तर जरूर सांगावं. न्यायाधीशांसमोर खरं मांडणं हे भांडण नव्हेच. पाप आहे ते "वेग नव्हताच" म्हणण्यात, आणि "आठवत नाही" म्हणण्यात.

आम्ही दंड भरला. धाकट्यानं निम्मे दिले आणि मागून "ओढ की" म्हणणाऱ्या आम्ही निम्मे दिले. नोटीस उशिरा आल्याचं वेगळ्या पत्रानं संबंधित कार्यालयाला कळवलं, पैसे परत न मागता. एकानं सुचवलं होतं, थांबा, सवलत लागेल. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात थकलेल्या दंडावर निम्मी सूट मिळाली होती, तेव्हा पुन्हाही मिळेल. सूट जाहीर झाली असेल तर ती घेण्यात गैर काही नाही. पण सूट मिळेल म्हणून मुद्दाम थकवत बसायचं, तर दंडातून शिकायचं तेही थकीतच राहतं.

म्हणून त्या ग्रुपवरच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं : आधी फोटो बघा, मग मनाला विचारा. आरोप खोटा असेल तर हरकत घ्या, कितीही चकरा पडोत. तो अहंकार नव्हे, सत्याची चाकरी आहे. आरोप खरा असेल आणि कागदात दोष असेल, तर दोष दाखवा, पण खरं झाकू नका. आणि आरोप सरळ खरा असेल तर भरा, आणि ज्यानं चूक केली त्यानंच भरावं. कुणी बघत नसताना आपण कसे वागतो ते ओळखा, असं आपल्याला सत्संगात नेहमी सांगितलं जातं. कॅमेरा फक्त गाडीचा नंबर बघतो. आत काय चाललं होतं ते आपल्यालाच माहीत असतं.

हल्ली गुरुवारी आम्ही अर्धा तास आधी निघतो. तरी एकदा वाटेत ट्रॉली उलटली होती, आम्ही पोचलो तेव्हा आरती संपत आली होती. मागं दाराशी उभं राहिलो. आई हळूच म्हणाल्या, "चालतंय की. प्रसाद मिळाला."

हा लेख घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावा, विशेषतः नवीन लायसन्स काढलेल्या मुलांसमोर. आणि गाडी ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्या फोनवर काही आलंय का, तेही एकदा बघावं.

सद्गुरुचरणी सेवा अर्पण. 🙏